फोर-के नको, तीन रिंग द्या

मे महिन्यात पोलादपूर तालुक्यात लग्नाच्या शूटिंगची ऑर्डर द्यायला माणसं बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "फोर-के हाय ना रं?" मुलीचा मामा विचारतो. "हाय की मामा," शूटिंगवाला सांगतो. आगाऊ रक्कम हातात पडते आणि बोलणं जेवणाकडे वळतं. हळदीच्या रात्री मांडवात उजेड किती असेल, भटजींच्या माइकची लाइन मिळेल का, फोटोवाला फ्लॅश मारणार की लाइट लावणार, यातलं काहीच कोणी विचारत नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्यांना हा मामा पक्का ठाऊक आहे. लाखाच्या आतबाहेरचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी त्यालाच समोर ठेवून बनवलाय. ज्याच्या खांद्यावर तो बसायचा आहे, त्याला कोणी विचारलेलंच नाही.

स्वस्त कॅमेरा नवख्याला पुरतो, आणि पुरतो याचा मला आनंद आहे. महाड-पोलादपूरच्या कॉलेजातली पोरं आज मोबाइलवर जे टिपतात, ते तीस वर्षांपूर्वी कोणाला जमलं नसतं. माझी तक्रार दुसऱ्याच माणसासाठी आहे. वीस-पंचवीस वर्षं ज्याने कॅमेरा धरला, कॅसेटपासून कार्डापर्यंत सगळं पाहिलं आणि ज्याच्या बोटांना न बघता फोकस सापडतो, त्या माणसाच्या हाताला या कॅमेऱ्यात धरायला काही उरलेलं नाही.

कशेडी घाटातून वीस वर्षं एसटी चालवलेल्या ड्रायव्हरला अशी गाडी द्या, जिचा गिअर गाडीच ठरवते आणि उतारावर तो दुसऱ्यावर धरून ठेवायची सोयच नाही. नवशिक्याला ती सोपी वाटेल. या ड्रायव्हरचा मात्र भोगावच्या वळणावर जीव वर येईल, कारण पुढचं वळण त्याला माहीत आहे आणि गाडीला माहीत नाही. ऑटोवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा सगळा दोष एवढाच आहे. काय होणार आहे हे माणसाला आधी कळतं. यंत्राला फक्त होऊन गेलेलं दिसतं, आणि मग ते सावरायला धावतं. त्या धावण्याचा सगळा गोंधळ चित्रात उतरतो.

कशेडीचाच बोगदा घ्या. २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर त्याची एक बाजू चाकरमान्यांसाठी खुली झाली आणि सुमारे दोन किलोमीटरच्या त्या अंधाराने घाटाचा वेळ वाचवला. तेव्हापासून बोगद्यातून बाहेर पडतानाचे हजारो व्हिडिओ निघाले असतील. बहुतेकांत एकच दिसतं. समोर पांढरं भोक येतं, ते मोठं होतं, गाडी बाहेर पडते, पडदा पांढराफटक होतो आणि मग सावकाश डोंगर उगवतो. जो क्षण पाहायचा होता, नेमका तोच जळालेला असतो.

जाणता माणूस हा शॉट दोन रीतींनी घेतो. एक तर बाहेरच्या उन्हाचा हिशेब धरून आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं दार, आधीच बांधून ठेवतो आणि आतल्या भिंती काळ्या राहू देतो. नाही तर बोगद्याचं तोंड जवळ येऊ लागतं तसा आयरिस हलक्या हाताने मिटत नेतो, इतका हलका की पाहणाऱ्याला कळतच नाही. दोन्हीला एकच गोष्ट लागते : लेन्सवर आयरिसची रिंग. बातम्यांच्या आणि स्टुडिओच्या लेन्सवर वर्षानुवर्षं तीन रिंगा आहेत, पुढे फोकसची, मधे झूमची, मागे आयरिसची. अंधारातही बोटांना त्यांची जागा कळते. स्वस्त कॅमेऱ्यात आयरिस गेला मेनूच्या आत, स्क्रीनवरच्या एका पट्टीवर. ती पट्टी सरकवली की उजेड पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो, आणि प्रत्येक पायरी चित्रात धक्का होऊन दिसते.

उन्हाचीही तीच कथा. चांगल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात लेन्समागे एनडी फिल्टर असतो, म्हणजे उजेड कमी करणारी काच, जी एक खटका दाबला की आत येते. ती काढून टाकली की भर उन्हात कॅमेऱ्याला दोनच वाटा राहतात. आयरिस फार मिटला तर इतक्या लहान सेन्सरवर चित्र बोथट होतं. शटर वाढवत एक हजारांश सेकंदावर नेला तर रायगडावर ६ जूनला नाचणारी ढोलपथकं तुटक तुटक हलताना दिसतात. सध्याच्या "शार्प" व्हिडिओत माणसं खटक्याने चालल्यासारखी का वाटतात, याचं मोठं कारण ही न बसवलेली काच आहे.

जुलैत घाटावर ढग उतरतात. ऑटोफोकसला चालायला काळ्या-पांढऱ्यातला फरक लागतो, धुक्यात तोच नसतो. मग लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे शोधत बसते आणि चित्र श्वास घेतल्यासारखं फुगत-आकसत राहतं. अशा वेळी अनुभवी माणूस फोकस हातावर घेतो. घेतो, पण कशावर? स्वस्त कॅमेऱ्याची फोकस रिंग नुसती एक वायर चालवते. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, अंतराचे आकडे नाहीत. पटकन फिरवली तर जास्त सरकते, हळू फिरवली तर कमी. एकदा पाठ केलेली जागा दुसऱ्यांदा सापडत नाही. वीस वर्षांची बोटांची आठवण तिथे कवडीमोल होते.

वर पाऊस. आमच्याकडचा. टच स्क्रीनला बोट आणि पाण्याचा थेंब यांतला फरक नीट कळत नाही, कारण वीज दोन्हींमधून खेळते. घाटात दरड आली आणि कॅमेरा बाहेर काढला, की थेंब पडून मेनू आपोआप उघडतात, फोकसचा चौकोन कोपऱ्यात पळतो, ओल्या बोटाला रेकॉर्डचं बटण दाद देत नाही. उन्हात हीच स्क्रीन आरशासारखी चमकते आणि आपलाच चेहरा दाखवते. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर या दोन्हींवरचा इलाज होता. शिवाय कपाळाचा तिसरा टेकू मिळाला की हातातला कॅमेरा स्थिर राहायचा. स्वस्तात तो आधी लहान झाला, मग गेला.

पण सगळ्यांत मोठा अन्याय आवाजाचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

शिमग्याला पालखी नाचते. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला रात्री गावोगावच्या पालख्या आणि सासणकाठ्या येतात. ढोल, ताशे, खालूबाजा, मधेच एखाद्या म्हाताऱ्याने देवाला घातलेलं गाऱ्हाणं. हे गाऱ्हाणं शब्दाशब्दाने जपून ठेवण्यासारखं असतं, कारण ते कुठे लिहिलेलं नसतं आणि म्हणणारी पिढी थकत चालली आहे. स्वस्त कॅमेऱ्याचा ऑटो गेन त्याचं काय करतो ते ऐका. ढोलावर टिपरू पडलं की तो दचकून सगळा आवाज खाली ओढतो. मग हळूहळू वर चढवायला लागतो, तोवर गर्दीची कुजबुज आणि यंत्राची सरसर फुगून वर येते. पुन्हा टिपरू, पुन्हा खाली. या वर-खालीत गाऱ्हाण्यातले निम्मे शब्द बुडतात. एडिटिंगला बसून ते परत आणता येत नाहीत, ते नोंदलेच गेलेले नसतात.

अनुभवी माणूस काय करेल? ढोलाच्या सर्वांत मोठ्या ठोक्याला आवाजाची पातळी बांधेल आणि तिथेच सोडून देईल. त्यासाठी बाहेरून फिरवता येईल अशी एक चकती लागते. दुसरा माइक गाऱ्हाणं घालणाऱ्याजवळ लावेल आणि दोन आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर घेईल. त्यासाठी एक्सएलआरची दोन तोंडं लागतात, खटकन अडकणारी, लांब वायरीतही खरखर न ओढणारी. त्या जागी मिळतं हेडफोनच्या मापाचं एक छोटं भोक. दोन मोसमांत ते सैल होतं. मग वायर हलली की कर्रर्र.

मांडवात आणखी एक घोळ होतो. साऊंडवाला भला माणूस असतो, मिक्सरमधून लाइन देतो. मिक्सरची ती लाइन माइकपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि त्या छोट्या भोकाला फक्त माइकची सवय असते. आवाज दारातच फाटतो. नंतर कॅमेऱ्यात पातळी कितीही कमी केली तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो. जुन्या व्यावसायिक कॅमेऱ्यांवर माइक की लाइन हे ठरवायला एक लहानसा खटका असायचा. तेवढा खटका असता तर मंगलाष्टकं वाचली असती. असे लहान लहान खटके वाचवून कंपनीने किती कमावले असतील, आणि या तालुक्यातल्या घरांनी किती गमावलं असेल?

मांडवातल्या उजेडाचं थोडक्यात सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २५ फ्रेम आणि एक पन्नासांश शटर धरला तर हिशेब जुळतो. ३० फ्रेमवर ठेवून शटर यंत्रावर सोडला की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली काळे पट्टे चित्रातून सरकत राहतात. हे जाणत्याला ठाऊक असतं, पण शटर बांधून ठेवायची सोयच मेनूत नसेल तर ठाऊक असून उपयोग काय?

फ्लॅशचंही तसंच. अक्षता पडतात तेव्हा चार फोटोवाले एकदम फ्लॅश मारतात. हल्लीचे बहुतेक सीमॉस सेन्सर चित्र वरून खाली, ओळीओळीने वाचतात. फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की तो काही ओळींवरच सापडतो, आणि नवरीचं अर्धं तोंड पांढरं, अर्धं नेहमीसारखं अशा फ्रेम येतात. जुना सीसीडी सेन्सर सगळं चित्र एका दमात धरायचा. त्यात फ्लॅश दिसायचा तो पूर्ण फ्रेमचा, आणि तो डोळ्याला खटकत नसे. महागड्या कॅमेऱ्यांत ओळी वाचायचा वेग वाढवून हा दोष बराच आवरला आहे. स्वस्तात तो तसाच ठेवला.

आता जुन्या माणसांचं एक नाव घेतो : पीडी-१५०. सोनीचा हा कॅमेरा २००० च्या सुमाराला आला, मागोमाग पीडी-१७०. बातम्यांच्या वाहिन्यांपासून माहितीपट करणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या हातात तो होता. एक तृतीयांश इंचाचे तीन सीसीडी, दोन एक्सएलआर, आत एनडी फिल्टर, बाहेर आयरिसचं चाक, फोकस नीट कळावा म्हणून काळा-पांढरा व्ह्यूफाइंडर. डेव्हिड लिंचसारख्या दिग्दर्शकाने 'इनलँड एम्पायर' हा २००६ चा अख्खा चित्रपट पीडी-१५० वर काढला. चित्र आजच्या मानाने मऊ होतं, यात शंका नाही. पण यंत्र माणसाचं ऐकायचं.

त्याच्या शेजारी आजचा खांद्यावरचा स्वस्त कॅमेरा ठेवा. लग्नाच्या शूटिंगमध्ये दिसणारा सोनीचाच एचएक्सआर-एमसी २५०० घ्या, २०१४ चा. अंगाने भरदार, खांद्यावर बसतो, वऱ्हाडात रुबाब पडतो. आत सेन्सर पाव इंचाचा, तोही एक. क्षेत्रफळात एक तृतीयांश इंचाच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. लेन्सवर रिंग एकच, तीच कधी झूमची करायची, कधी फोकसची. नवा सेन्सर जुन्यापेक्षा हुशार असतो हे मला मान्य आहे. पण एवढं मोठं अंग देऊन त्या अंगावर दोन रिंगा आणखी बसवायला जागा नव्हती, हे मी मानणार नाही.

आणि ते फोर-के. हिशेब साधा आहे. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चौकटीत ७२० गुणिले ५७६ ठिपके होते. फोर-केच्या चौकटीत ३८४० गुणिले २१६०. बरोबर २० पट. लहान सेन्सरवर २० पट ठिपके बसवायचे म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेडाचा तुकडाच येणार. दिवसा ते चालतं. रात्री हळदीला गेन वाढतो, चित्रात मुंग्या येतात, मग यंत्र मुंग्या पुसायला जातं आणि त्यांच्याबरोबर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतं. खोक्यावर छापलेलं फोर-के खोटं नसतं. ते चित्र घरी टीव्हीवर लावल्यावर आजी मेणाची दिसते, एवढंच.

"मग मिररलेस घ्या की," असं दुकानदार सांगतो. पुष्कळांनी घेतले. सेन्सर मोठा, रात्रीचं चित्र खरोखर सुंदर. पण तो देह फोटोचा. झूम करावं तर साध्या लेन्सवर पुढे जाता जाता अंधारून येतं. त्या लेन्सला झूम केल्यावर फोकस राखायची सवय नाही. मे महिन्याच्या उकाड्यात तास-दोन तास चालवला की पंखा नसलेला देह तापून बंद पडतो. आणि जुन्या देहांमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांची कात्री आहे. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त जकात लागायची, ती चुकवायला कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद आधी थांबायला शिकवलं. नव्या अनेक कॅमेऱ्यांतून ही मर्यादा गेली आहे, पण आमच्याकडे जे घेतलं जातं ते बरंचसं सेकंडहँड. म्हणजे युरोपातल्या जकातीसाठी केलेला बंदोबस्त पोलादपूरच्या गावात रात्रभर रंगलेला शक्ती-तुऱ्याचा सामना ऐन सवालाच्या मध्ये तोडतो. शाहीर सवाल पुन्हा टाकत नाही.

कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. मोबाइलने खालचा बाजार खाल्ला, विक्री घटली, खर्च वाचवावा लागतो. महाग सुटा भाग स्वस्त यंत्रात नसावा, हेही मी मान्य करतो. मोठा सेन्सर, भारी काचेची लेन्स, त्यांचे पैसे पडतात. पण ज्या गोष्टींना पैसे पडतच नाहीत, त्या का काढल्या?

याचा पुरावा आहे. कॅननचा ५डी मार्क २ हा २००८ चा कॅमेरा. तो काही स्वस्त नव्हता, पण या बाबतीत तोच सगळं उघड करतो. त्यावर व्हिडिओ आला तेव्हा उजेड ऑटोवर, आवाज ऑटोवर आणि फ्रेम फक्त ३०. जून २००९ मध्ये कंपनीने नवं सॉफ्टवेअर दिलं आणि उजेड हाती आला. मार्च २०१० मध्ये आणखी एक दिलं आणि २५ फ्रेम आल्या, आवाजाची पातळीही हाताने बांधता येऊ लागली. यंत्र तेच, आतला एक स्क्रूही बदललेला नव्हता. त्याच्या आधीच, २००९ मध्ये, ट्रॅमेल हडसन नावाच्या गृहस्थाने 'मॅजिक लँटर्न' नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटायला सुरुवात केली होती. आवाजाचे मीटर, ऑटो गेन बंद करायची सोय, जळलेला भाग दाखवणारे झेब्राचे पट्टे, हे सगळं त्याच कॅमेऱ्यात बाहेरच्या एका माणसाने चालवून दाखवलं. म्हणजे ते यंत्राला जमत होतं. दिलेलं नव्हतं, इतकंच. वरचा महाग कॅमेरा विकला जावा म्हणून खालच्याचे हात बांधायचे, हा या धंद्यातला जुना रिवाज आहे आणि त्याची किंमत तालुक्याच्या गावातला कारागीर मोजतो.

कोणी म्हणेल, मालेगाववाल्यांनी लग्नाच्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, तुमची रड कसली? नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला, हे खरंच. सायकलची ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ती धडपड पाहताना ऊर भरून येतो. पण ते श्रेय माणसांचं आहे. कॅमेऱ्यातली उणीव त्यांनी घाम गाळून भरून काढली. आणि त्यांच्याकडे रिटेक होता. अक्षता एकदाच पडतात. पालखी त्या वळणावर एकदाच येते.

या राज्याला कॅमेऱ्याचं वेड नवं नाही. १८९६ च्या ७ जुलैला मुंबईत ल्युमिएरांचा खेळ झाला आणि तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर परदेशी यंत्राची वाट न पाहता स्वतःचा कॅमेरा घडवला, त्यात त्यांचे सहकारी दामले यांनी हात लावला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. त्या कॅमेऱ्यांचा दांडा हाताने फिरवायचा होता. वेग किती ठेवायचा हे माणूस ठरवत होता. शंभर वर्षांनी आमच्या शूटिंगवाल्याला शटर बांधायची परवानगी मागावी लागते.

हे सगळं लग्नापुरतं असतं तर कदाचित मी सदर खर्ची घातलं नसतं. पण महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कॅमेरा साक्षीदार म्हणून उभा राहतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती, आणि त्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओही होते. अशा रात्रींना जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठ्या गाड्या येईपर्यंत जागेवर असतो तो इथलाच स्ट्रिंगर. त्याला बातमीमागे मोजके पैसे मिळतात, त्यातून तो जो कॅमेरा घेऊ शकतो तोच घेतो. त्याचा हात सराईत आहे, जागा त्याला पाठ आहे, माणसं त्याच्या ओळखीची आहेत. त्याच्या हातात अंधारात मुंग्या दाखवणारं, पावसात बोट न ओळखणारं, माइकची वायर हलली की करकरणारं यंत्र असतं. त्या रात्रीचं जे चित्र उरतं, ते पुढे पंचनाम्यालाही उरतं आणि इतिहासालाही.

कंपन्यांकडे मागणं मोठं नाही. ठिपके कमी दिले तरी चालतील, फुल एचडी पुष्कळ झालं. लेन्सवर तीन रिंगा द्या, त्यांना सुरुवात आणि शेवट द्या. एक एनडी द्या. आवाजाला दोन चकत्या, दोन पक्की तोंडं आणि माइक-लाइनचा खटका द्या. ऑटो राहू दे, पण तो पूर्ण बंद करता आला पाहिजे आणि बंद केल्यावर बंदच राहिला पाहिजे. यासाठी पंधरा-वीस हजार जास्त पडले तरी इथला जुना शूटिंगवाला ते देईल, कारण तो आज तेवढेच पैसे वेगळा रेकॉर्डर, वेगळा अडॅप्टर, वेगळी काच यांत घालतोच आहे.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या लग्नाची, बारशाची, पालखीची ऑर्डर द्याल तेव्हा शूटिंगवाल्याला त्याने मागच्या शिमग्याला रात्री केलेलं काम दाखवायला सांगा. टीव्हीचा आवाज मोठा करा. ढोल थांबल्यावरचे शब्द ऐकू येतात का ते पाहा. येत असतील तर त्याने वेगळा माइक लावला आहे, आवाजावर एक माणूस बसवला आहे. त्या माणसाचे पैसे घासाघीस न करता द्या.